पायाळू हौसाकाकीची पाठ

पालीच्या अलीकडे हायवे सोडून आत वळलं की चारेक किलोमीटरवर कातळ संपतो आणि रस्ता खाली वाडीत उतरतो. त्या उतारावरून सकाळी सकाळी कुणी कमरेवर हात ठेवून, एका अंगाला कलत येताना दिसलं की तिठ्यावरची माणसं न विचारताच सांगत, "काकी घरातच हाय. जा."

काकी म्हणजे हौसा गोताड. ती पायाळू. जन्मताना तिचं डोकं आधी न येता पाय आधी आले होते. अशा माणसाचा पाय लागला की पाठीत भरलेली उसण उतरते, असं आपल्याकडे पूर्वापार मानतात. पायाळू माणसावर वीज पडते, असंही मानतात. त्यामुळे लहानपणी आभाळ गडगडायला लागलं की हौसाची आई तिला घरात घेऊन कडी लावी. बाकीची भावंडं गुरं घेऊन सड्यावर, वरच्या मोकळ्या कातळावर, आणि ही एकटी खिडकीच्या गजांना धरून उभी. आठव्या वर्षी तिने पहिल्यांदा पाय लावला तो चुलत्याला. चुलता ओटीवर पालथा पडला आणि ओरडला, "मार गो पोरी, घाबरू नको!" तिने डोळे मिटून तीनदा टाच टेकवली. दुसऱ्या दिवशी चुलता नांगराला गेला, आणि तेव्हापासून हौसाच्या अंगणात येणारी वाट कधी ओस पडली नाही.

तिची पद्धत ठरलेली होती. माणसाने सकाळी चहाआधी यायचं. चटईवर पालथं पडायचं. हौसा आधी वाकून जमिनीला हात लावी, तो हात कपाळाला नेई, कारण समोरचा वयाने थोर असेल तर त्याला पाय लावायचा म्हणजे आधी क्षमा मागायला हवी. मग डाव्या पायावर उभी राहून उजव्या पायाच्या अंगठ्याने पाठ हळूहळू चाचपायची. कुठे तटतटलंय, कुठे ऊब जास्त आहे, हे तिच्या अंगठ्याला कळे. ती जागा सापडली की टाचेने तीन ठोके. "ऊठ आता. आज भारा उचलू नको," एवढं बोलून ती चुलीकडे वळे. कुणी नारळ आणला तर परत. काही घेतलं तर गुण जातो, असं तिच्या आईने सांगून ठेवलं होतं. पायाने उसण उतरते की चार दिवसांत ती आपसूकच उतरली असती, हे तिलाही ठाऊक नव्हतं. येणाऱ्याला बरं वाटत होतं, आणि दारात आलेल्याला माघारी पाठवायची तिला सवय नव्हती.

स्वतःच्या पाठीचा विचार करायला तिला कधी सवड झाली नाही. नवरा मुंबईत एका छापखान्यात कामाला होता. मुलगा अनिल बारा वर्षांचा असताना नवरा कावीळ होऊन गेला. त्यानंतर हौसाने डोक्यावरून गवताचे भारे वाहिले, पावसात ओणव्याने भात लावलं, आंब्याच्या हंगामात लोकांच्या बागांतून आंबे वाहून नेले. अनिल शिकला, मुंबईत ड्रायव्हर झाला. सून अक्षया रत्नागिरीत एका मेडिकलच्या दुकानात लागली. रोज एसटीने जाऊन-येऊन करी. हौसा एकसष्ट वर्षांची झाली तरी हंगामात बागेत जायचं सोडत नव्हती.

आणि त्या बागेतच ते झालं. चैत्राचे दिवस. झाडाखाली आंब्याने भरलेले प्लॅस्टिकचे क्रेट रांगेने लावलेले. हौसाने वाकून एक क्रेट उचलला, टेम्पोकडे वळली, आणि कमरेतून कुणीतरी सुतळी खसकन ओढून काढावी तसं झालं. क्रेट हातातून सुटला. ती तिथेच पाचोळ्यावर बसली, मग आडवी झाली. बायका धावल्या. "काकी, काय झाला?"

"काय नाय. वाईच पडूं द्या."

वाईच म्हणता म्हणता तास गेला. शेवटी टेम्पोतच तिला घरी आणलं.

वाडीपुढे पेच पडला. काकी सगळ्यांना पाय लावते. काकीला कोण लावणार? कुणाला तरी पलीकडच्या गावातला एक पायाळू म्हातारा आठवला. त्याला दुचाकीवर बसवून आणला. म्हाताऱ्याला एवढा मान आयुष्यात पहिल्यांदाच मिळत होता. त्याने धोतर खोचलं आणि असे तीन दणके दिले की हौसाला पुढचे दोन दिवस बसता येईना. ती म्हाताऱ्याला काही बोलली नाही. चहा पाजून, हात जोडून त्याची पाठवणी केली. सुनेला मात्र म्हणाली, "अंगठ्याने जागा बगितलीन नाय. नुसता हानलान."

गावच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, एक्स-रे काढायला लावला. गोळी असेपर्यंत बरं, नंतर पुन्हा तेच. दीड महिना झाला. हौसा भिंतीला धरून उठू लागली. दारात येणाऱ्यांना आतून सांगावं लागे, "आज नाय जमनार बाबा." ते सांगताना तिचा चेहरा उतरलेला अक्षयाने पाहिला, आणि एके संध्याकाळी ती म्हणाली, "आई, आमच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर एक डॉक्टर येते. कायरोप्रॅक्टर."

"कायरो काय?"

"मणक्यांची डॉक्टर. हाताने उपचार करते. गोळ्या नाहीत, सुई नाही."

हौसाने आपल्या टाचेकडे बघितलं. "म्हंजे माज्यासारखीच की."

"तुम्ही पायाने, ती हाताने," अक्षया हसली.

"आनि शिकली कुठं ह्या?"

"मलेशियात. चार-पाच वर्षं शिकलीय."

"पाच वर्सं!" हौसा म्हणाली. आपल्याला कुणी एक दिवसही शिकवलं नव्हतं, हे बहुधा तिच्या मनात आलं असावं. "चल. बगू तरी."

सोमवारी दोघी एसटीने रत्नागिरीत आल्या. जिना चढताना हौसा प्रत्येक पायरीवर थांबली. वर गेल्यावर तिने दाराशी चपला काढल्या, पदर सारखा केला. आत भिंतीशी एक प्लॅस्टिकचा पाठीचा कणा टांगलेला होता, मानेपासून माकडहाडापर्यंत. मधोमध एक लांबट बाक, त्याला डोक्याकडे भोक. हौसा त्या भोकाकडे बघत राहिली.

"ते तोंडासाठी आहे, काकी," डॉक्टर म्हणाली. "पालथं पडल्यावर मान वळवावी लागू नये म्हणून."

हौसाने मान डोलावली. तिच्या चटईवर माणसं पन्नास वर्षं मान वाकडी करून पडत होती.

डॉक्टरचं नाव तूबा. तिशीची असेल. डोक्याला रुमाल, हाताच्या बाह्या कोपरापर्यंत मुडपलेल्या. घर समुद्राकडचं, वडील कुवेतला नोकरी करून आलेले, त्यांनीच पोरीला बाहेर शिकायला पाठवलं. बाकावर घेण्याआधी तिने हौसाला खुर्चीत बसवलं आणि विचारत सुटली. कधीपासून दुखतं? रात्री झोपेतून उठवतं का? वजन उतरलंय? ताप येतो? पाय बधिर होतात? मग तिने विचारलं, "आणि बसायच्या जागी, मांड्यांच्या आतल्या बाजूला, मुंग्या किंवा बधिरपणा? लघवी अडते का? किंवा न कळत होते का?"

हौसाने सुनेकडे बघितलं, मग डॉक्टरकडे. "अगो बाय, माजी पाठ दुखते. ह्या काय इचारतंस?"

तूबा हसली नाही. तिने तो टांगलेला कणा काढून हौसाच्या मांडीवर ठेवला आणि त्यातून खाली लोंबणारे पिवळे दोरे दाखवले. "या नसा, काकी. पाठीतून निघतात आणि पायात जातात, आणि खाली लघवीच्या जागेलाही जातात. मधली गादी सरकून या चेपल्या, तर माणसाला तिथे बधिर होतं, लघवी अडते. तसं असेल तर मी त्या पाठीला बोटही लावत नाही. त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात पाठवते. उशीर झाला तर पाय परत येत नाहीत."

"असा कोन येता काय तुज्याकडं?"

"वर्षाकाठी एखादा. आणि इतर कारणांनी परत पाठवते ते वेगळेच."

"मग ती मानसा रागावत नायत? एवढा जिना चढून आल्यावर?"

"रागावतात," तूबा म्हणाली.

हौसाने ते पिवळे दोरे बोटांत धरून बराच वेळ निरखले. मग तूबाच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं तिने सरळ दिली. नाही, नाही, आणि नाही.

तूबाने गुडघ्यांवर रबरी हातोडी मारून बघितली, टाचांवर आणि चवड्यांवर चालवलं, एक्स-रे उजेडात धरला. मग विचारलं, "काम काय करता?" हौसाने भात, भारे, क्रेट सांगितले. अक्षयाला राहवेना. ती म्हणाली, "आणि आई पायाळू आहेत. रोज दोघं-तिघं येतात."

हौसाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शिकलेल्या बाईपुढे हे कशाला काढायचं! पण तूबाने हातातला एक्स-रे खाली ठेवला. "खरंच? माझ्या आजीला, हाजराबीला, उसण भरली की मामा एका पायाळू बाईंकडे न्यायचे. तुम्ही कसा लावता पाय? दाखवाल?"

"हितं?"

"हो. मी समजा चटईवर पडलेय."

हौसा भिंतीला धरून उभी राहिली. वाकून जमिनीला हात लावायला गेली, तो पोचला नाही, तरी तिने कपाळाला नेलाच. मग डाव्या पायावर भार, कंबर उजवीकडे पिळलेली, अंगठा पुढे. क्षणभरच. लगेच चेहऱ्यावर कळ आली.

"बसा, बसा," तूबाने तिला आधार दिला. "हे असं किती वर्षं?"

"आठ वर्साची व्हतंय तवापासून."

"एकाच पायावर, कमरेत पीळ देऊन, खाली वाकून. रोज." तूबाने एक्स-रेतली डावीकडची एक जागा दाखवली. "क्रेटने फक्त निमित्त केलं, काकी. भारे आहेत, भातलावणी आहे, वय आहे. पण हेही आहे त्यात."

नंतर परत येताना एसटीत हौसा सुनेला म्हणाली की एवढी वर्षं इतके लोक आले, पण पाय लावताना मी उभी कशी राहते, हे कुणी बघितलं नव्हतं.

मग तूबाने हौसाला बाकावर घेतलं. ती भोकात तोंड घालून पडली आणि पाठीवर तूबाचे अंगठे फिरू लागले. मणक्यामागून मणका, हळूहळू, कुठे थांबत, पुन्हा मागे जात. आपला अंगठा जे शोधायचा तेच ही शोधते आहे, हे तिने लगेच ओळखलं. "थांब," ती भोकातून म्हणाली, "थयच हाय." आणि अंगठा त्याच वेळी थांबला होता.

"हाडं थोडी विरळ झालीत," तूबा वरून सांगत होती, "म्हणून मी तुम्हाला जोराने पिळणार नाही. बाक खटकन आवाज करेल, घाबरू नका." बाकाचा कमरेखालचा भाग बोटभर खाली गेला, खटक. पुन्हा खटक. मग कुशीवर घेऊन तिने अगदी हलका दाब दिला, आणि आत कुठेतरी कुडुक् वाजलं.

"मोडला?"

"नाही हो. सांध्यातली हवा सुटली. बोटं मोडल्यावर वाजतात ना, तसंच."

उठल्यावर हौसा ताठ उभी राहून बघत होती. कळ पुरती गेली नव्हती. पण सकाळी दगडासारखी होती ती आता ओल्या कपड्यासारखी झाली होती. तिने ते तसंच सांगितलं. तूबा म्हणाली, "एका दिवसात जाईल असं मी म्हणणार नाही. अजून दोन-तीनदा या. आणि खरं काम घरी आहे." तिने तीन व्यायाम करून दाखवले, वजन उचलताना गुडघ्यात कसं बसायचं ते दाखवलं, आणि हाडांच्या तपासणीसाठी एका डॉक्टरांचं नाव लिहून दिलं.

निघताना हौसा दाराशी घुटमळली. "एक इचारू? माजा पाय लागल्यावर उसण खरीच जाता काय?"

तूबाने विचार करून उत्तर दिलं. "साधी उसण बहुतेक आठवड्याभरात आपली आपण उतरते, काकी. माझ्याकडेही तसंच. पण घाबरलेला माणूस अंग आवळून धरतो, त्याने दुखणं वाढतं. तुमच्याकडे येऊन तो सैल पडतो. ते काही कमी नाही."

दुसरं कुणी असतं तर या उत्तराने दुखावलं असतं. हौसा एवढंच म्हणाली, "खरा बोललीस. बरा झाला."

ज्येष्ठ सरेपर्यंत ती भिंतीला न धरता उठू लागली. रोज पहाटे ओटीवर चटई टाकून व्यायाम करी. एकही दिवस चुकवला नाही. अंगणात पुन्हा माणसं येऊ लागली. पण आता काकी बदलली होती. माणसाला खांबाला धरून उभं करी, स्वतः दुसऱ्या खांबाला धरी, आणि पाय लावण्याआधी तूबाचे सगळे प्रश्न विचारी. अगदी सगळे. पुरुष लाजून लाल होत. तिठ्यावर हशा पिके. "काकी आता डाक्टरीन झाली! मुताचा हिशोब मागता!" हौसाच्या कानावर ते आलं. ती म्हणाली, "मागतांव. द्याचा नसंल तर जावा."

आषाढात लावणी ऐन रंगात आली होती. एके सकाळी आठाच्या सुमाराला चौघांनी रामाला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून आणलं. रामा चाळिशीचा, चिऱ्याच्या खाणीवर काम करणारा, दांडगा गडी. पावसाळ्यात खाण बंद असली की शेती करी. आदल्या दुपारी पॉवर टिलर बांधावरून उचलून पलीकडे टाकताना त्याची पाठ गेली होती. त्याचा धाकटा भाऊ दर्शन चिखलाने भरलेला, कावराबावरा झालेला. "काकी, पाय लाव बेगीन. चिखल करून ठेवलाय, बायका खोळंबल्यात."

हौसाने रामाच्या चेहऱ्याकडे बघितलं. मग सगळ्यांना अंगणाबाहेर काढलं, दर्शनलासुद्धा, आणि खुर्चीशेजारी बसली.

"रामा, पाय हालवून दाव."

उजवा जरासा हलला. डावा हललाच नाही.

"मुंग्या?"

"काल रातपासून दोनी पायात. आता तर कायच कलत नाय."

"आनि बसाच्या जाग्यावर?"

रामाने मान खाली घातली. "थय पन नाय कलत. खुर्चीत बसलोय ता पन नाय."

"लघवीला कदी गेलास?"

रामाने आधी अंगणाबाहेरच्या माणसांकडे बघितलं. मग अगदी हळू आवाजात, "काल दुपारपासून झाली नाय, काकी. लागल्यासारखी पन वाटत नाय."

हौसाच्या डोळ्यांपुढे ते पिवळे दोरे आले. ती उठली आणि दर्शनला हाक मारली. "गाडी काड. रत्नागिरीला न्यायाचा. आत्ता."

"गाडी? काकी, तू आदी पाय तरी लाव!"

"नाय लावनार."

अंगणाच्या कडेला दहा-बारा माणसं जमली होती. काकीने असं तोंडावर नाही म्हटलेलं कुणी कधी ऐकलं नव्हतं. दर्शन चिडला. "आमच्या आजाला लावलास, बापाला लावलास. आमी काय केला तुजा? तीन ठोके मारायचे, त्यात तुजा काय जाता?"

"माजा काय नाय जात. ह्याचे पाय जातील." हौसाचा आवाज चढला नाही. "ऐक, दर्शन. ह्या माज्या पायाच्या हातातला नाय. मना ठावा हाय म्हनून सांगतांव. उगाच येल काडू नको."

अक्षया कामावर जायला निघालीच होती. तिने तूबाला फोन लावून दिला. हौसाने चार वाक्यांत सांगितलं. तिकडून तूबा म्हणाली, "काकी, माझ्याकडेही आणू नका. सरळ सिव्हिलला. मी तिथे पुढे येऊन थांबते."

ज्या टेम्पोतून आंबे जात त्याच टेम्पोत गादी टाकली. दर्शन अजून घुश्शात होता, पण त्याने भावाचं डोकं मांडीवर घेतलं. हौसा पुढे चढली. हायवेच्या खड्ड्यांतून जाताना ती ड्रायव्हरला सारखी सांगत होती, "दमान, बाबा, दमान. पन थांबू नको."

दुपारपर्यंत तपासणी झाली. गादी फुटून नसांवर बसली होती. ॲम्ब्युलन्सने रामाला कोल्हापूरला नेलं आणि त्याच संध्याकाळी ऑपरेशन केलं. तिथल्या सर्जनने दर्शनला सांगितलं, "आणखी एक दिवस काढला असता तर हा उठला नसता. कुणी ओळखलं?" दर्शन म्हणाला, "आमच्या वाडीतली काकी हाय."

रामा लगेच धावायला लागला, असं झालं नाही. महिनाभर त्याला लघवीची नळी होती, तीन महिने वॉकर. डावं पाऊल अजून जरासं घासतं. खाणीवरचं काम सुटलं ते सुटलंच. आता तो पालीत एका हार्डवेअरच्या दुकानात बसतो. पण नवरात्रात तो स्वतःच्या पायांनी देवळाची चढण चढला. दर्शन त्याच्या मागे दोन पावलं चालत होता, हात न लावता. हौसा वर सभामंडपात बायकांत बसली होती. दर्शन सगळ्यांदेखत तिच्या पाया पडायला वाकला, तर तिने त्याला मध्येच दंडाला धरलं. "कमरेत नको वाकूस! गुडघ्यात वाक."

माघात, काजूला मोहर असताना, तूबा एका रविवारी वाडीत आली. हौसानेच बोलावलं होतं. आंब्याचा हंगाम सुरू व्हायच्या आत बागेत जाणाऱ्या बायकांना वजन कसं उचलायचं ते तिने दाखवावं, एवढीच तिची मागणी होती. सारवलेल्या अंगणात अठरा-वीस जणी चटया टाकून बसल्या. आधी नुसती खिदळाखिदळ. डॉक्टर सांगते आणि एकीलाही हसू आवरत नाही. मग हौसा उठली, पदर खोचला, रिकामा क्रेट पुढे घेतला, त्यात दोन नारळ टाकले. पाय फाकवून गुडघ्यात बसली, क्रेट छातीशी धरला आणि पाठ सरळ ठेवून उभी राहिली. एकसष्टावं सरून बासष्टावं लागलेली बाई. हसणं थांबलं.

"बगितलात?" ती म्हणाली. "आता एकेक जन या. डाक्टरीनबाय, तू बस वाईच. ह्यांना मी बगतांव."

तूबा ओटीच्या कडेला बसली. अक्षयाने तिच्या हातात चहा दिला. अंगणात हौसा एकेकीच्या मागे जाऊन उभी राहत होती, कुणाच्या पाठीला तळवा लावून ती सरळ करत होती, कुणाचा गुडघा बाहेर ढकलत होती, आणि मोठ्याने आकडे मोजत होती.